नाटकात साईन लँग्वेज: दुभाषी कोपऱ्यात, की भाषा नटाच्याच हातात?

कर्णबधिर प्रेक्षकांनाही आपलं नाटक बघता यावं असं ठरवलेल्या संस्थेपुढे मुख्यतः दोन वाटा असतात. बसवून झालेल्या नाटकाला संवाद साईन लँग्वेजमध्ये, म्हणजे खुणांच्या भाषेत सांगणारा दुभाषी जोडायचा, किंवा कर्णबधिर नटाला पहिल्या वाचनापासून सोबत घ्यायचं.

दुभाषी लवकर जमतो आणि खर्चही कमी. त्याला संहिता आधी द्या, दोन-तीन तालमी दाखवा, एकरंगी कपडे आणि हात-चेहऱ्यावर वेगळा प्रकाश द्या. पण त्याला रंगमंचाच्या टोकाला उभं केलं की प्रेक्षकाची ओढाताण होते. ऐकू येणारा माणूस नायिकेकडे बघता बघता तिचं वाक्य ऐकतो. कर्णबधिर प्रेक्षकाकडे दोन्ही कामांना डोळेच. तो उजवीकडे संवाद बघत असतो आणि डावीकडे नायिकेच्या हातून पत्र गळून पडतं. ते पत्र त्याच्यापुरतं पडलेलंच नसतं. म्हणून दुभाषी घेणार असाल तर त्याला पात्रांच्या लगत आणा, त्यांच्यासोबत फिरू द्या.

दुसऱ्या वाटेला वेळ लागतो, तालमी जवळजवळ दुप्पट धरा. लॉस एंजेलिसच्या डेफ वेस्ट थिएटरचं 'बिग रिव्हर', म्हणजे मार्क ट्वेनच्या 'हकलबेरी फिन' कादंबरीवरचं संगीत नाटक, २००३ साली ब्रॉडवेवर आलं, तेव्हा नायक हक फिनचं काम कर्णबधिर टायरोन जिओर्डानो करत होता आणि त्याचा आवाज होता मार्क ट्वेनची भूमिका करणाऱ्या डॅनियल जेन्किन्सचा. लेखकच नायकाचा आवाज! अशी कल्पना शेवटच्या आठवड्यात सुचत नाही. इथे हालचालीच नव्याने बसवाव्या लागतात. हातात ताट असेल तर बोलण्याआधी ते खाली ठेवायला हवं. पाठमोरं वाक्य चालत नाही, अंधारातलं तर नाहीच. एंट्रीची खूण आवाजाऐवजी दिव्याने द्यावी लागते.

नृत्य बसवणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगते: मुद्रा म्हणजे साईन लँग्वेज नव्हे. अभिनयदर्पण या नृत्यावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथातला पताक हस्त, ही एकच मुद्रा, ढगही होतो, वनही होतो. भारतीय साईन लँग्वेजला स्वतःचं व्याकरण आहे. 'कुठे', 'काय' यांची खूण वाक्याच्या शेवटी येते आणि भुवयाही व्याकरणाचाच भाग असतात. साध्या विधानावर सौंदर्यासाठी भुवया उंचावल्या, तर त्याचा प्रश्न होऊ शकतो. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या कोशात १०,००० हून जास्त शब्द आहेत, पण कोशातून खुणा उचलून एकापुढे एक मांडल्या तर वाक्य होत नाही.

नुसत्या मराठी उपशीर्षकांवर भागवू नका. साईन लँग्वेज हीच पहिली भाषा असलेल्या अनेकांना भराभर सरकणारं छापील मराठी जड जातं.

प्रयोग महिन्यावर आला असेल तर चांगला दुभाषी घ्या आणि त्याला कोपऱ्यातून बाहेर काढा. हाताशी सहा महिने असतील तर मी दुसरीच वाट धरेन. आणि कुठलीही वाट धरलीत तरी तालमीत दिग्दर्शकाशेजारच्या खुर्चीत एक कर्णबधिर व्यक्ती बसवा. मानधन देऊन, पहिल्या दिवसापासून.