किशिबे रोहन: भूत कमी, नियम जास्त

'जोजोज बिझार ॲडव्हेंचर' या जपानी चित्रकथा-मालिकेच्या चौथ्या पर्वात, म्हणजे 'डायमंड इज अनब्रेकेबल'मध्ये, रोहन किशिबे नायक नाही आणि धड मित्रही नाही. वीस वर्षांचा, तुसडा, आपल्या 'मांगा'त, म्हणजे जपानी चित्रकथेत, खरेपणा यावा म्हणून जाळं विणणारा कोळी चाटून बघणारा कलाकार. पण पर्व संपल्यावर चाहत्यांच्या तोंडी त्याचंच नाव जास्त राहिलं. मूळ लेखक-चित्रकार हिरोहिको अराकी यांनी 1997 पासून त्याच्यावर सुट्या कथा लिहिल्या. त्यातल्या चार कथांचं ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) म्हणजे 'दस स्पोक किशिबे रोहन'. पहिला भाग 2017 चा, दुसरा 2018 चा, उरलेले दोन 2020 चे, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये चारही नेटफ्लिक्सवर आले. स्टुडिओ मूळ मालिकेचाच, डेव्हिड प्रॉडक्शन. दिग्दर्शक तोशियुकी कातो, रोहनचा आवाज ताकाहिरो साकुराई यांचा.

चौथ्या पर्वाचे मूळ 39 भाग बघितल्याशिवाय हे कळेल का? कळेल. चारही कथा स्वतंत्र आहेत आणि प्रत्येक साधारण अर्ध्या तासात आटोपते. पूर्वतयारी करायचीच असेल तर चौथ्या पर्वाचे 14, 15 आणि 17 हे तीन भाग पुरेत. पहिल्या दोनांत रोहनची ओळख आणि त्याची शक्ती, सतराव्यात एका गल्लीतलं भूत. ही शक्ती आधी समजून घ्या: 'हेवन्स डोअर' वापरलं की समोरच्या माणसाचं पुस्तक होतं. त्याचा चेहरा पानापानांनी उलगडतो, गत आयुष्य वाचता येतं, आणि कोऱ्या जागेत रोहन जे लिहील ते त्या माणसाला पाळावं लागतं.

एवढी ताकद हाती असलेला माणूस भुताटकीच्या गोष्टीत टाकला की भीती संपायला हवी. इथे ती संपत नाही, आणि मालिकेची खरी कारागिरी तिथेच आहे. प्रत्येक कथेत आधी एक नियम मांडला जातो. नियम मोडला की काय होतं हे लगेच दाखवलं जातं, आणि मग पात्राला त्या नियमाच्या आतूनच वाट काढावी लागते. रोहनची शक्ती वाचायला उपयोगी पडते, पण नियम पुसायला पुरत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच भुताच्या मालिका फसतात त्या इथेच: भूत वाटेल ते करू शकतं, म्हणून मग कशाचंच भय वाटत नाही. गावाकडचा मुंजासुद्धा आपला पिंपळ सोडत नाही, म्हणून तर त्या पारावरून रात्री जाताना पाय जड होतात.

सगळ्यांत चांगला भाग 'मिलियनेअर व्हिलेज'. डोंगरातलं, रस्ता नसलेलं श्रीमंतांचं गाव. तिथे जमीन हवी तर आधी शिष्टाचाराची परीक्षा द्यायची, आणि परीक्षा घेणारा यजमान म्हणजे एक पोरगा. रोहनची संपादक क्योका इझुमी जमीन घ्यायला निघते, रोहन कथा मिळेल म्हणून मागे जातो. कपाच्या कानात बोट घातलं, चूक. तातामी चटईच्या काठावर पाय पडला, चूक. आणि चुकीची किंमत म्हणजे जवळचं काहीतरी हिरावलं जाणं. उंबऱ्यावर उभं राहू नको, पानात उष्टं टाकू नको, महालक्ष्म्यांच्या दिवशी सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात शिरू नको, हे ऐकत मराठवाड्यात वाढलेल्या कुणालाही ही भीती समजावून सांगावी लागत नाही. जपानी रीतिरिवाज माहीत नसले तरी अडत नाही, कारण प्रत्येक चूक यजमान शब्दांत सांगतो. सुरुवातीची प्रवासातली बडबड मात्र लांबली आहे.

'ॲट अ कन्फेशनल'मध्ये रोहन इटलीतल्या चर्चमध्ये कबुलीजबाबाच्या खोक्यात पाद्र्याच्या जागी जाऊन बसतो आणि एका माणसाचा कबुलीजबाब ऐकतो. उपाशी भिकाऱ्याला खायला देण्याऐवजी आधी ओझी वाहायला लावणारा हा माणूस. भिकारी मरतो, आणि तू सर्वांत सुखी असशील त्या दिवशी येईन असं बजावतो. पुढे प्राण पणाला लागतात ते पॉपकॉर्नवर: दिव्याच्या खांबाहून उंच उडवायचं, तोंडात झेलायचं, असं सलग तीन वेळा. कल्पना वाचताना हसू येतं. पडद्यावर कबुतरं झेपावायला लागली की येत नाही.

'द रन' हा जिममधला भाग तरुणांना पटकन भिडेल. योमा हाशिमोतो हा मॉडेल व्यायामाच्या वेडात माणूसपण गमावत जातो. शेवट ट्रेडमिलच्या पैजेवर: वेग ताशी 25 किलोमीटरला पोचला की समोरचा रिमोट आधी कुणी घ्यायचा. चित्रणात हा भाग सर्वांत दणकट आहे. 'मुत्सुकाबे हिल' उलट सर्वांत किळसवाणा. एका खानदानी व्यापारी घराण्यातली मुलगी, तिच्या हातून मेलेला माणूस, आणि त्याच्या प्रेतातून न थांबणारं रक्त. कल्पना जबरदस्त, पण शेवट गुंडाळल्यासारखा. आणखी दहा मिनिटं हवी होती. लेकरांसोबत बघायचा हा भाग नव्हे.

क्रम कुठलाही चालतो, तरी आधी 'मिलियनेअर व्हिलेज', मग 'कन्फेशनल', मग 'द रन', शेवटी 'मुत्सुकाबे' असा लावला तर चव चांगली राहते. सलग चारही बघू नका. रचना सारखीच असल्याने तिसऱ्या भागापर्यंत पुढचा डाव ओळखू येतो.

आता बघण्याची तांत्रिक बाजू. ऑडिओ जपानीच ठेवा. साकुराईंचा थंड, चिरका तोरा इंग्रजी डबिंगमध्ये उरत नाही. सबटायटल निवडताना नुसतं 'इंग्लिश' घ्या. 'इंग्लिश सीसी' हे सहसा डबिंगच्या संवादांवर बेतलेलं असतं, त्यामुळे कानावर एक आणि डोळ्यांपुढे दुसरंच असा घोळ होतो. 149 रुपयांच्या मोबाइल प्लॅनमध्ये चित्र 480पी मिळतं. फोनवर ते खपून जातं, पण गडद प्रसंगांत छटा एकमेकींत मिसळतात, आणि 'मुत्सुकाबे'चा अर्धा परिणाम त्या छटांवरच आहे. 199 च्या प्लॅनमध्ये 720पी येतं आणि टीव्हीवरही बघता येतं.

संभाजीनगर ते लातूर किंवा नांदेडच्या प्रवासात बघणार असाल तर घरूनच डाउनलोड करून निघा. मधल्या पट्ट्यात रेंज गेली की ऐन पैजेच्या वेळी चाक फिरत बसतं. मोबाइल डेटावर बघायचं झालं तर ॲपच्या सेटिंगमध्ये 'सेव्ह डेटा' निवडा. त्यात 1 जीबीत साधारण सहा तास निघतात, म्हणजे दिवसाच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये चारही भाग आरामात बसतात.

इतक्यावर भूक भागली नाही तर जपानच्या एनएचके वाहिनीने डिसेंबर 2020 पासून काढलेली खऱ्या कलाकारांची मालिका शोधा. इस्सेई ताकाहाशी यांचा रोहन ॲनिमेपेक्षा संथ, पण जास्त विक्षिप्त आहे. त्यांचा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातला चित्रपट 2023 मध्ये आला, आणि 'कन्फेशनल'वरचा, व्हेनिसमध्ये घडणारा, 2025 मध्ये.