सिंहगड रस्त्यावरील भरतीच्या मुलांची मेस: भाकरी उत्तम, ताक पातळ

खडकवासल्याच्या दिशेने जाताना लागणाऱ्या या मेसमध्ये सैन्यभरतीची किंवा एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) तयारी करणारी मुले जेवतात आणि २०२२ पासून प्रबोधिनीत मुलींनाही प्रवेश मिळू लागल्यामुळे त्यांच्याही पंगती येथे दिसतात. माझी पुतणी त्यांपैकीच एक असल्याने मी ताटाकडे चवीपेक्षा हाडांच्या दृष्टीने अधिक पाहिले. धावणे आणि कवायत यांचा भार एकाएकी वाढला की नडगीच्या वा पावलाच्या हाडाला सूक्ष्म भेगा पडतात आणि विश्रांती व आहार अपुरा असेल तर त्या भरून येण्याऐवजी वाढत जातात.

येथील खरी जमेची बाजू म्हणजे दुपारची नाचणीची भाकरी. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सुमारे १०५० मिलिग्रॅम लागते, म्हणजे दोन जाड भाकऱ्यांत जवळपास तिसरा हिस्सा भागतो. सोबतची तिळाची चटणीही केवळ तोंडी लावण्यापुरती नसते. ताक मात्र इतके पातळ, की त्यातून कॅल्शियमची अपेक्षा धरणे व्यर्थ आहे, आणि दह्याची वाटी हवी असल्यास वेगळे पैसे मोजावे लागतात.

माझा मुख्य आक्षेप रात्रीच्या जेवणावर आहे. दोन पोळ्यांनंतर तिसरीचा दर लागतो, त्यामुळे हात आखडता घेणारी मुले अर्धपोटी उठतात. दिवसभर खर्च होणारी ऊर्जा जेवणातून भरून निघाली नाही, तर मुलींची पाळी अनियमित होते, इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि हाडांची घनताही खालावते. हा धोका वाढप्याच्या गावीही नसतो. उलट गल्ल्याशेजारी प्रोटीन पावडरचे डबे ओळीने मांडलेले आहेत. त्याच पैशांत महिनाभर दूध येईल, असे मी पुतणीला सांगितले.

अमेरिकी नौदलाच्या महिला प्रशिक्षणार्थींवरील २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज २००० मिलिग्रॅम कॅल्शियम व ८०० युनिट ड जीवनसत्त्व दिल्यावर अशा भेगा सुमारे २० टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. पण गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

स्वच्छता चांगली आहे, रविवारी रात्री मेस बंद असते. दुपारचा डबा अवश्य लावावा. रात्रीचे जेवण आणि दही यांची सोय खोलीवरच करावी.