रॅबिटएमक्यू: तीन हंगाम वापरल्यावर

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याचं वजनचिठ्ठ्यांचं काम आमच्या सॉफ्टवेअरवर चालतं. गाडी काट्यावर तोलली की चिठ्ठी रांगेत पडते, तिथून शेतकऱ्याच्या खात्यावर नोंद होते आणि त्याला एसएमएस जातो. ती रांग तीन हंगाम रॅबिटएमक्यू, म्हणजे मेसेज रांगेत (क्यूत) ठेवून पुढे पोचवणारं सॉफ्टवेअर, सांभाळतंय, जळगावात आमच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर. माझं मत आधीच सांगतो: बिनधास्त वापरा, पण मेसेज (आमच्याकडे एकेक चिठ्ठी) फसला तर काय करायचं हे पहिल्याच दिवशी ठरवा.

आम्ही ठरवलं नव्हतं. एक चिठ्ठी वजनाविना आली. कन्झ्युमरला, म्हणजे रांगेतून चिठ्ठी उचलून नोंद करणाऱ्या प्रोग्रामला, एरर यायचा, आमचा कोड नॅक करून (‘जमलं नाही’ असं कळवून) तिला परत रांगेत टाकायचा आणि क्लासिक क्यू, म्हणजे रॅबिटची साधी रांग, तिला होती त्याच जागी, म्हणजे तोंडाशी बसवायची. कन्झ्युमर एकच. दुपारभर तीच चिठ्ठी फिरत राहिली आणि मागे चाळीस गाड्यांच्या चिठ्ठ्या तुंबल्या. मे महिन्याच्या उन्हात माल कापून आणलेली माणसं मोबाईलकडे बघत बसली होती, ते मला अजून विसरता येत नाही.

आता फसलेल्या मेसेजचे आम्ही दोन भाग करतो. नेट गेलं, एसएमएस सेवा बंद पडली, हे थोड्या वेळाने सुधारणारं. असे मेसेज थांब्याच्या क्यूत जातात: १० सेकंद, १ मिनिट, १० मिनिटं. टीटीएल, म्हणजे थांबायची मुदत, संपला की डेड लेटर एक्स्चेंज (रांगेतून बाद झालेले मेसेज दुसरीकडे वळवणारी सोय) त्यांना मुख्य रांगेत आणून सोडतं. किती फेऱ्या झाल्या ते मेसेजसोबतच्या एक्स-डेथ हेडर या नोंदीत दिसतं. प्रत्येक मुदतीची क्यू वेगळी ठेवा. एकाच क्यूत मेसेजागणिक वेगळा टीटीएल दिला, तर १० मिनिटांवाल्यामागे १० सेकंदांवाला अडकतो, कारण मुदत संपलेला मेसेज तोंडाशी आल्यावरच बाहेर पडतो. आणि ज्या चिठ्ठीत वजनच नाही, ती शंभरदा फिरवून काय होणार? ती रीक्यू न करता, म्हणजे परत रांगेत न टाकता, थेट बाजूच्या क्यूत, माणसाने बघायला.

रॅबिटच्या २०१९ च्या ३.८ आवृत्तीत क्वोरम क्यू, म्हणजे अनेक सर्व्हरवर प्रती ठेवणाऱ्या रांगा, आल्या. त्यांत डिलिव्हरी लिमिट, म्हणजे एक मेसेज किती वेळा परत द्यायचा याची मर्यादा, लावता येतं; ४.० पासून ते आपोआप २० असतं. सोय चांगली, पण डेड लेटर एक्स्चेंज जोडलं नसेल तर मर्यादा ओलांडलेला मेसेज टाकून दिला जातो. हे मला पटत नाही. एकेक चिठ्ठी म्हणजे कोणाचे तरी पैसे असतात.

ॲक, म्हणजे कन्झ्युमरची ‘काम झालं’ ही पोच, पोचायच्या आत कनेक्शन तुटलं, तर रॅबिट मेसेज पुन्हा देणारच. मेसेज किमान एकदा पोचेल एवढीच त्याची हमी, एकदाच पोचेल अशी नाही. ‘रीडिलिव्हर्ड’ ही खूण मेसेज आधी दिला होता एवढंच सांगते. काम झालं होतं का, ते नाही. रावेरच्या एका शेतकऱ्याच्या खात्यावर एकच गाडी दोनदा चढली, तेव्हा त्यानेच फोन केला, “काय भो, मी तर एकच गाडी धाडली होती.” त्याच रात्री डेटाबेसात चिठ्ठी क्रमांकावर युनिक इंडेक्स लावला, म्हणजे एक क्रमांक दोनदा चढूच शकत नाही. एसएमएस मात्र क्वचित अजूनही दोनदा जातो. तो आमच्या डेटाबेसच्या बाहेरचा मामला.

बाजूच्या क्यूत आता एक मेसेज पडला तरी मला अलर्ट येतो. परवा खाते क्रमांकात एक आकडा कमी असलेली चिठ्ठी आली. काट्यावर फोन करून आकडा घेतला, संध्याकाळच्या आत शेतकऱ्याला एसएमएस गेला.