गॅबियनच्या जाळ्या: धरणाखालच्या नदीकाठाला कितपत पुरतात?

गोव्यात सांगे, सत्तरीकडे नदीकाठचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) खचायला लागलं की हमखास सल्ला मिळतो तो गॅबियनचा. तारेच्या जाळीची पेटी, आत दगड, पेटीवर पेटी. वस्तू चांगलीच आहे. पाया थोडा बसला तरी ती वाकते, काँक्रीटच्या भिंतीसारखी तडकत नाही. मागचं पाणी फटींतून निघून जातं. तरीही धरणाच्या खालच्या अंगाला ती अपेक्षेपेक्षा लवकर झुकते. दोष बहुतेक वेळा जाळीचा नसतो, ती किती खोल बसवली याचा असतो.

धरण वाळू आणि गोटे अडवतं. एक मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला दहाएक सेंटीमीटर खाली जातो, त्यामुळे तो जलाशयाच्या वरच्या टोकालाच बसतो. बारीक चिकणमाती कित्येक दिवस तरंगते. सांग्यातल्या साळावली धरणाचा जलाशय सुमारे २३४ दशलक्ष घनमीटरचा; पावसाळ्यात त्याच्या बदकचोचीसारख्या सांडव्यावरून लालसर पाणी उतरलं की ‘गाळ तर येतोच आहे’ असं वाटतं. येते ती ही बारीक माती. नदीचा तळ भरून काढणारी वाळू त्यात जवळपास नसते. पाण्याचा जोर तसाच, अंगावर ओझं मात्र नाही. मग ते खालच्या तळातून आणि काठातून माल उचलतं. तळ खाली गेला की काठ उंच आणि उभा होतो, मग ढासळतो. त्याच पट्ट्यात वाळूही काढली जात असेल, तर हे सगळं आणखी वेगाने होतं.

सत्तरीतल्या अंजुण्यासारख्या दरवाजांच्या धरणाखाली आणखी एक गोष्ट घडते. दरवाजे बंद झाले की पाणी झपाट्याने उतरतं, काठ मात्र आत भिजलेला आणि जड राहतो. बाहेरचा पाण्याचा आधार गेलेला असतो, म्हणून पूर ओसरताना दरड सुटते. इथे गॅबियन खरंच पैसे वसूल करून देतं, पण मागे न विणलेलं जिओटेक्स्टाइल (पाणी सोडणारं, माती अडवणारं) कापड हवंच. ते वाचवलं तर काठाची माती दगडांतून धुऊन जाते आणि भिंतीमागे पोकळी होते.

खरेदी करताना दुहेरी पिळाची षटकोनी जाळीच घ्या, आयएस १६०१४ या भारतीय मानकाप्रमाणे. सर्वसाधारण पेटीला १० × १२ सेंटीमीटरची वीण, २.७ मिलिमीटर तार, कडेला ३.४ मिलिमीटर. साधी वेल्ड केलेली जाळी स्वस्त पडते, पण एक सांधा सुटला की शेजारच्या सांध्यांवर ताण येतो. भरतीचं खारं पाणी पोचतं तिथे जस्ताचा थर पुरत नाही, त्यावर पीव्हीसीचं आवरण लागतं. २ × १ × १ मीटरच्या पेटीत मधला पडदा आहे का ते पाहा. भरताना दर तिसऱ्या हिश्शाला समोरची आणि मागची बाजू जोडणाऱ्या आडव्या ताणतारा बांधायला लावा, नाहीतर पेटीचं पोट सुटतं. अशा एका पेटीला साधारण साडेतीन टन काळा दगड लागतो, १५ ते २५ सेंटीमीटरचा.

दगडाच्या बाबतीतच सर्वात जास्त फसगत होते. जांभा जवळ मिळतो म्हणून भरतात. तो हलका, सच्छिद्र. कडा झिजतात, दगड खाली बसतात, झाकण सैल पडतं आणि आतले दगड हलून तारेचं आवरण खरवडतात. त्याहून वाईट म्हणजे नदीतलेच गोटे उचलून भरणं. उन्हाळ्यात उथळ पात्रात वरचे मोठे गोटे बाजूला करून बघा: खाली वाळू दिसेल. बारीक माल वाहून गेल्यावर उरलेला हा गोट्यांचा थर हेच त्या तळाचं चिलखत असतं. भिंत भरायला तोच काढला की पुढच्या पावसात तळ पुन्हा उतरतो, आणि तोही नेमका भिंतीच्या पायाशी. शिवाय गोल गोटे एकमेकांत अडकत नाहीत. खाणीचा फोडलेला काळा दगडच आणा, वाहतुकीचा खर्च सोसून.

अंदाजपत्रकात भिंतीची उंची ठळक असते, पायाची चटई गायब. धरणाखाली हिशेब उलटा करावा. तळ अजून दीड मीटर उतरेल असं वाटत असेल तर नदीकडे किमान तीन मीटर रुंद, ३० सेंटीमीटर जाडीची गॅबियन चटई पसरा आणि भिंतीला बांधून घ्या. तळ खाली गेला की ती वाकून उतारावर बसते आणि पायाखालची माती धरून ठेवते. पैसे कमी पडले तर वरची एक ओळ गाळा, चटई नको. दोन्ही टोकांना भिंत दोन-तीन मीटर काठात वळवून घ्या, नाहीतर पाणी मागून शिरतं. तळ किती उतरतोय ते पुलाच्या खांबावर किंवा पक्क्या दगडावर खूण करून, दर वर्षी त्याच महिन्यात मोजा. काम जानेवारी ते मे दरम्यान संपवा आणि त्याआधी जलस्रोत खात्याची परवानगी घ्या.

खाजनाच्या (भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीच्या) बांधाला मात्र या पेट्या आम्ही सुचवणार नाही. तिथला चिखल इतका मऊ की साडेतीन टनांची पेटी हळूहळू आत जाते आणि बांधालाही खाली ओढते. मातीचाच बांध दर वर्षी डागडुजी करत ठेवणं, मानशीच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या) दोन्ही बाजू आधी बघणं, हे तिथे जास्त टिकतं.