केऑप्स अपडेट क्लस्टर: यस म्हणायच्या आधी सगळं दाखवणारी कमांड

पाचपैकी चार स्टार, आणि त्यातले तीन तरी एकट्या ‘केऑप्स अपडेट क्लस्टर’ला. एडब्ल्यूएसवर (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर) ईकेएस, म्हणजे त्यांचं तयार कुबरनेटिस, न घेता स्वतःचं कुबरनेटिस (कंटेनरमधली सॉफ्टवेअर अनेक मशीनवर चालवणारी व्यवस्था) चालवायचं असेल तर केऑप्स हा जुना, फुकट आणि ओपन सोर्स पर्याय आहे, सगळा कारभार टर्मिनलमधून. क्लस्टर (एकत्र काम करणाऱ्या मशीनचा गट) कसा हवा ते एका यामल फाइलमध्ये (साध्या मजकुरातल्या सेटिंगच्या फाइलमध्ये) लिहायचं, ती फाइल एसथ्रीच्या (एडब्ल्यूएसच्या फाइल साठवणीच्या) बकेटमध्ये राहते (बकेटचं व्हर्जनिंग चालू ठेवा, नंतर उपयोगी पडतं) आणि मग अपडेट मारलं की फाइलमध्ये जे आहे आणि क्लाउडवर खरोखर जे आहे त्यातला फरक काढला जातो आणि ‘--यस’ लावलं की तो भरला जातो.

मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे नुसतं अपडेट मारलं तर काहीच बदलत नाही. फक्त यादी येते, कुठली रिसोर्स नवीन बनेल, कुठली बदलेल, ऑटोस्केलिंग ग्रुपचा (गरजेप्रमाणे कमी-जास्त होणाऱ्या मशीनच्या गटाचा) मिनिमम 2 वरून 3 होणार, लाँच टेम्प्लेटच्या (नवीन मशीन कशी उठवायची त्या साच्याच्या) आतल्या बूट स्क्रिप्टमध्ये कुठली ओळ जाणार नि कुठली येणार, अगदी अधिक-उण्याच्या खुणांसकट. खाली सांगतं की बदल करायचे असतील तर ‘--यस’ लावा. क्लस्टर डिलीट करतानाही तसंच, आधी यादी, यस लावल्याशिवाय कशाला हात नाही. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर काम निघालं की हे किती मोलाचं आहे ते ज्याच्याकडे ऑन-कॉलचा फोन असतो त्यालाच कळेल. आमच्याकडे तर ही यादी कॉपी करून टीमच्या ग्रुपवर टाकायची आणि दुसऱ्या कुणीतरी वाचून हो म्हटल्यावरच यस, असा नियमच आहे.

आता एक स्टार का कापला. अपडेट यस केलं, सगळं हिरवं आलं, आणि मशीन मात्र जुनीच चालू. कारण लाँच टेम्प्लेट बदललं तरी आधीच चालू असलेल्या ईसीटू (एडब्ल्यूएसच्या भाड्याच्या) मशीनला त्याचा पत्ता नसतो, नवीन मशीन उठेल तीच नवीन टेम्प्लेटवर उठेल. ग्रुपचा साइज वाढवणं वगैरे लगेच लागू होतं, पण कुबरनेटिसचं व्हर्जन किंवा इमेज बदलली की वेगळं ‘रोलिंग-अपडेट’ (जुनी मशीन एकेक करून बदलणं) मारावं लागतं, त्यालाही परत यस. कमांड शेवटी तशी आठवण करून देते म्हणा, पण ती ओळ वाचतो कोण.

रोलिंग अपडेट स्वतः बरं आहे. आधी कंट्रोल प्लेन (क्लस्टरचा कारभार बघणारी मशीन) मग नोड (प्रत्यक्ष कामं चालवणारी मशीन), एकेक ड्रेन करतं (त्यावरची कामं हलवतं), काढतं, क्लस्टर व्हॅलिडेट झाला की पुढे. व्हॅलिडेशनला डिफॉल्ट 15 मिनिटं वाट बघतं. एखाद्या टीमने दोन पॉडच्या (पॉड म्हणजे चालू अ‍ॅपची एक प्रत) सर्व्हिसला ‘दोन्ही कायम चालू पाहिजेत’ असं डिसरप्शन बजेट (एका वेळी किती पॉड बंद चालतील याची मर्यादा) लावलं असेल तर ड्रेन तिथेच अडकून बसतं, त्यात केऑप्सचा दोष नाही, आधी बजेट तपासा. आणि कंटाळून ‘--क्लाउडओन्ली’ (क्लस्टर न तपासताच पुढे जाणं) लावू नका, त्याच्या हेल्पमध्येच लिहिलंय की डाउनटाइम होईल.

केऑप्स 1.31 पासून ‘रीकन्साइल’ ही कमांड आलीय, ते वापराच. आधी काय व्हायचं, अपडेट मारलं आणि कंट्रोल प्लेन अजून जुन्या व्हर्जनवर असतानाच ऑटोस्केलरने नवीन नोड आणला तर तो नोड नव्या व्हर्जनचा, आणि कुबरनेटिसचा नियम असा की नोडचा क्युबलेट (नोडवरचा कुबरनेटिसचा प्रोग्राम) एपीआय सर्व्हरच्या (कंट्रोल प्लेनमधल्या मुख्य प्रोग्रामच्या) व्हर्जनपेक्षा पुढे असता कामा नये. रीकन्साइल अपडेट आणि रोलिंग टप्प्याटप्प्याने, बरोबर क्रमाने करतं. हे पहिल्यापासून असतं तर पाचवा स्टारही दिला असता.

टेराफॉर्मवाल्यांसाठी (क्लाउडची रचना फाइलमध्ये लिहून उभी करणारं टूल वापरणाऱ्यांसाठी) ‘--टार्गेट=टेराफॉर्म’ आहे, फाइल काढून देतं, लावायचं काम तुमचं. पण जनरेट झालेली फाइल हाताने एडिट करायच्या भानगडीत पडू नका, पुढच्या वेळी पुसली जाते.

पैशाचं म्हणाल तर ‘केऑप्स फुकट म्हणजे स्वस्त’ हे डोक्यातून काढा. ईकेएसचा कंट्रोल प्लेन तासाला 0.10 डॉलर. केऑप्सवर हाय अव्हेलेबिलिटीसाठी तीन मशीन लागतात, टी3 मीडियम धरलं तर व्हर्जिनियात प्रत्येकी 0.0416, म्हणजे तिथेच ईकेएसच्या वर गेलात, डिस्क वेगळी. फक्त व्हर्जन जुनं होऊन ईकेएस एक्स्टेंडेड सपोर्टमध्ये गेलं की तेच 0.60 होतं, तेव्हा गणित फिरतं. त्यामुळे ज्यांना एपीआय सर्व्हरचे फ्लॅग, एटसीडी (क्लस्टरची माहिती साठवणारा डेटाबेस) असं सगळं स्वतःच्या हातात हवंय त्यांनीच घ्या. दोन जणांची टीम असेल आणि त्यातला एक फ्रंटएंडवाला, तर ईकेएसच बरं.

आणि हो, अपडेटनंतर क्युबसीटीएल (कुबरनेटिसशी बोलायची कमांड) लॉगिन मागायला लागलं तर घाबरू नका. केऑप्स 1.19 पासून अ‍ॅडमिन क्रेडेन्शियल आपोआप मिळत नाहीत, ‘--अ‍ॅडमिन’ लावून घ्यावी लागतात आणि ती डिफॉल्टने 18 तासच चालतात.