एक्स-फाइव्हचे मागचे बलून: नऊ महिन्यांची मोजमापं

आधी निकाल सांगते. आमच्या बीएमडब्ल्यू एक्स-फाइव्हला आर्नॉट कंपनीचे मागचे दोन एअर स्प्रिंग, म्हणजे हवेचे बलून, गेल्या मे महिन्यात मी आणि माझ्या मुलाने घरीच बसवले. नऊ महिने आणि अकरा हजार किलोमीटर झाले, हवा गळून एका रात्रीतही गाडी मागून खाली बसलेली नाही. पाचपैकी पाच. जोडीला आयातीच्या करासह साडेत्रेचाळीस हजार पडले, ही रक्कम लहान नाही. पण त्याआधी स्वस्तात जे केलं, ते याहून महाग पडलं.

गाडी बीएमडब्ल्यू एक्स-फाइव्ह, २०११ ची, ई-७० मॉडेल, सात सीटवाली. २०२१ मध्ये जुनी घेतली, कारण सासू-सासरे, दीर-जाऊ आणि आम्ही असे सगळे एका गाडीत बसून वणीला जायचं असायचं. या गाडीला पुढे लोखंडी स्प्रिंग आहेत आणि मागे हवेच्या. कागदावर त्यांना एअर स्प्रिंग म्हणतात, पण नाशिकमध्ये ज्याने कुणी बस-ट्रकचं काम केलंय तो बलूनच म्हणेल, आणि मलाही तोच शब्द बरा वाटतो. दोन बलून, हवा भरणारा छोटा कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह आणि मागची उंची सांगणारे सेन्सर, एवढाच सगळा संसार.

२०२३ च्या दिवाळीत गाडी सकाळी मागून बसलेली दिसू लागली. बारा वर्षांचं रबर, त्यात कंपनीला काय बोलायचं! एका मोठ्या वर्कशॉपने दीड लाखाच्या वरचा अंदाज दिला. म्हणून आम्ही ओळखीच्या एका गॅरेजमध्ये ऑनलाइन मागवलेली बिनानावाची जोडी बसवली, चौदा हजारांची. चौदाच महिने टिकली. जाताना कॉम्प्रेसरलाही घेऊन गेली.

का, ते समजून घ्यायला हवं. हा कॉम्प्रेसर अधूनमधून थोडा वेळ चालण्यासाठी बनवलेला असतो. बलून गळायला लागला की तो पुन्हा पुन्हा, लांबलांब चालतो, तापतो आणि शेवटी जळतो. त्याच्या ड्रायरमधले, म्हणजे हवा कोरडी करणाऱ्या डब्यातले, सिलिकाचे दाणे ओलावा धरून ठेवतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात सतत चालला तर तेही लवकर भरून जातात आणि दमट हवा व्हॉल्व्हपर्यंत पोचते. नवीन कॉम्प्रेसरला वेगळे अडतीस हजार गेले. साबणाचं पाणी लावल्यावर बलूनमधून बुडबुडे येताना दिसत असूनही मी बलून बदलायचं दोन महिने पुढे ढकललं होतं, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या वेळी मात्र विकत घ्यायच्या आधी मोजलं. मी एकोणीस वर्षं सातपूरला इन्स्पेक्शनमध्ये काम करते. मोजल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या रो-हाऊसच्या पोर्चला पाण्यासाठी उतार आहे, म्हणून चारही चाकांच्या जागी फरशीवर रंगाने खुणा केल्या. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर, रात्री दहाला आणि सकाळी सहाला. त्याआधी कॉम्प्रेसरचा फ्यूज काढला, नाहीतर गाडी स्वतःच उंची सावरते आणि माप खोटं येतं. पहिल्या रात्री डावी बाजू ६४ मिमी उतरली, उजवी २२.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेला अँटी-रोल बार दोन्ही चाकांना जोडलेला असतो, त्यामुळे खचणारी बाजू दुसऱ्या बाजूलाही थोडं ओढते. उजवीकडचे २२ पाहून तोही बलून फुटलाय असं लगेच ठरवू नका. साबणाचं पाणी लावून बघा.

साबण कुठे लावायचा ते मला आडगावच्या ट्रक टर्मिनलवरच्या एका काकांनी दाखवलं. आयुष्यभर बसचे बलून बदललेला माणूस. ते म्हणाले, "ताई, बलून पोटात मरत नाही, घडीत मरतो." खालच्या बाजूला रबर पिस्टनवर, म्हणजे बलूनच्या टणक बुडावर, दुमडून खाली-वर होत राहतं, चीर तिथेच पडते. गाडी बसलेली असताना ती घडी आत लपते, म्हणून उचलून, घडी उघडी करून बघायचं. डाव्या बलूनच्या घडीवर बोटभर लांब बुडबुड्यांची रांग आली. उजवा कोरडा होता. तरी जोडी बदलली, दोन्हींचं वय एकच होतं.

आर्नॉटचा बलून हातात घेतल्यावर पहिला फरक घडीच्या कडेला जाणवला. रबर सारख्या जाडीचं, जोडावर कुठे फुगवटा नाही. व्हर्निअर कॅलिपरने दोन्ही नगांची मापं घेतली, ती जुळली. पाइपसाठी नवा पितळी जोड सोबत होता. जुना वापरू नका, पाइपवर त्याची खूण बसलेली असते.

बसवताना तीन टनी ट्रॉली जॅक आणि दोन स्टँड घेतले. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही, आणि चाक आणि कमानीच्या मधे तर मुळीच नाही. हवेची गाडी न सांगता खाली येते. फ्यूज बाहेर, चाक काढलं, पाइपचा जोड हळूहळू सैल केला आणि हवा पूर्ण जाईपर्यंत थांबलो. जुना बलून वरून क्लिपांनी अडकलेला आणि खाली चाकाला धरणाऱ्या आर्ममध्ये दाबून बसवलेला होता. डावा निघायला तास गेला, उजव्याला पंचवीस मिनिटं. पाइपचं टोक नव्या ब्लेडने काटकोनात कापलं. तिरकं कापलं तर तिथूनच गळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवा बलून रिकामा असताना गाडीचं वजन त्याच्यावर टाकायचं नाही. रबर वेडंवाकडं दुमडतं, चिमटतं आणि पहिल्याच दिवशी त्याला घाव बसतो. मागच्या वेळी गॅरेजवाल्याने जॅक सरळ खाली सोडला होता, मी समोर उभी होते. त्यामुळे त्या स्वस्त जोडीलाच सगळा दोष देणं मला बरोबर वाटत नाही. या वेळी इंदिरानगरहून स्कॅनरवाल्या मुलाला (स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) पोर्चमध्ये बोलावलं. गाडी स्टँडवर असताना त्याने कॉम्प्रेसर चालवून दोन्ही बलूनमध्ये थोडी हवा भरली, घडी सरळ बसली हे मी टॉर्च लावून पाहिलं, मग गाडी उतरवली आणि शेवटी उंची सेट केली. त्याचे अठराशे रुपये. घरी करण्यासारखं सगळं काम आहे, फक्त ही एक पायरी स्कॅनरशिवाय करू नका.

मेपासून ऑक्टोबरपर्यंत रात्रीचा उतार दोन मिमीच्या आत राहिला. सप्तशृंगीला आठवड्याचं सामान आणि सात माणसं घेऊन गेलो. नांदुरीहून गडाचा घाट चढताना पूर्वी मागचं बूड वळणावर खाली जायचं, ते गेलं. सासूबाईंनी पहिल्यांदाच मागच्या सीटवर डोळा लावला.

डिसेंबरमध्ये मात्र एका सकाळी दोन्ही बाजू ७ मिमी उतरलेल्या दिसल्या आणि छातीत धस्स झालं. साबण लावला, एकही बुडबुडा नाही. मग गणित केलं. संध्याकाळी २९ अंश होते, पहाटे ११. केल्विनमध्ये ३०२ वरून २८४. वजन तेच, म्हणून दाब तोच, आणि हवा साधारण ६ टक्के आकसते. फ्यूज न लावता गाडी तशीच उन्हात ठेवली. दुपारी दोनला दोन्ही बाजू वर, फरक १ मिमी. त्याच आठवड्यात ओळखीतल्या एकाने थंडीत गाडी बसते म्हणून चांगले बलून बदलायला घेतले होते. त्याला फोन करून थांबवलं. दोन्ही बाजू सारख्या उतरल्या आणि दुपारी परत आल्या, तर ती थंडी. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच जास्त उतरली आणि तिथेच राहिली, तर ती गळती.

ज्यांची गाडी पाच-सहा वर्षं ठेवायची आहे त्यांनी हेच घ्यावेत असं मी म्हणेन. सहा महिन्यांत विकायची असेल तर एवढे पैसे निघणार नाहीत. आमचं एक काम राहिलंय, पावसाळ्याच्या आधी ड्रायरमधले सिलिकाचे दाणे बदलायचे. ते झालं की पुन्हा महिनाभर मोजून आकडे कळवीन.