कोपर्निकस ब्राउझर: खाडीतल्या भरावाची तारीख सांगतो, हद्द नाही

औष्णिक वीज केंद्राची राख किंवा कोळशाची जेट्टी खाडीत घुसते, तेव्हा पहिलं भांडण ‘इथे आधी काय होतं?’ यावरच होतं. चेन्नईजवळच्या एन्नोर खाडीत मच्छीमारांनी हेच अनुभवलं. १९९६च्या मंजूर किनारा नकाशात खाडी होती आणि नंतर माहिती अधिकारात मिळालेल्या नकाशातून ती गायब होती. अशा वेळी तारखेसकट उपग्रहचित्र हाताशी हवं. युरोपचा कोपर्निकस ब्राउझर, म्हणजे उपग्रहचित्रं दाखवणारं संकेतस्थळ, ते फुकट देतो, उतरवून घ्यायला फक्त खातं उघडावं लागतं. पाचपैकी चार गुण. एक का कापला ते पुढे येईलच.

त्यातल्या सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं २०१५पासूनची आहेत. २०१७मध्ये जोडीचा दुसरा उपग्रह आल्यावर साधारण दर पाच दिवसांनी एक चित्र मिळू लागलं. २०१५च्या आधीचं काही हवं असेल तर इथे वेळ घालवू नका, अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांकडे जा. तिथला ठिपका (पिक्सेल, म्हणजे चित्राचा सर्वांत लहान चौकोन) ३० मीटरचा आहे, पण चित्रं १९८०च्या दशकापासूनची आहेत.

ब्राउझर उघडल्यावर पहिली चूक ‘जास्तीत जास्त किती ढग चालतील’ हे ठरवणाऱ्या सरकपट्टीवर होते. लोक ती २० टक्क्यांवर ओढतात आणि अर्धी चित्रं गमावतात. ती टक्केवारी सुमारे ११० किलोमीटर बाजूच्या अख्ख्या चौकटीची असते. चौकट ७० टक्के ढगाळ असली तरी तुमची खाडी स्वच्छ दिसू शकते. पट्टी शंभरवरच ठेवा आणि चित्रं डोळ्यांनी निवडा.

मग ‘फॉल्स कलर’, म्हणजे खोट्या रंगांचा पर्याय, लावा. झाडोरा लाल, पाणी काळपट आणि सुकी राख पांढुरकी दिसते. मिठागरंही तशीच पांढुरकी दिसतात, म्हणून जागेवर जाऊन खात्री केल्याशिवाय ‘राख’ हा शब्द हरित लवादाकडच्या अर्जात लिहू नका. दुसरा चकवा लाल रंगाचा. ऑक्टोबरात गवतही लाल दिसतं. कांदळवन आहे की नाही हे मे महिन्यातलं चित्र सांगतं, कारण गवत तोवर वाळलेलं असतं आणि तिवर हिरवीच असते. तुलना नेहमी त्याच महिन्याची, वर्षागणिक करा.

कोकणात याहून मोठा घोळ भरती-ओहोटीचा. उपग्रह आपल्याकडे सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास जातो. तिथीच्या पाऊणपट वाजता भरती, हा कोळ्यांचा हिशेब इथे चपखल बसतो. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास चित्र उधाणाच्या भरतीत पडतं, अष्टमीला जवळजवळ सुकतीत. अष्टमीचं चिखलाने भरलेलं चित्र पौर्णिमेच्या पाण्याशेजारी ठेवून ‘भराव झाला’ म्हटलंत, तर समोरचा वकील भरतीचं कोष्टक काढून पाच मिनिटांत अर्ज लोळवेल. मूळ फाइलच्या नावात वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. तीत साडेपाच तास मिळवा आणि मग कोष्टकाशी ताडून पाहा. एन्नोरला भरतीचा फरक जेमतेम मीटरभर असतो, त्यामुळे तिथे हा त्रास कमी.

पावसाळ्यात हे सगळं आंधळं होतं. नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा जुलै २०२२मध्ये फुटला. नेमक्या अशाच दिवसांत ढग हटत नाहीत. तेव्हा त्याच ब्राउझरमधला सेंटिनेल-१ निवडा. तो रडार आहे, ढगांतून पाहतो. मात्र सपाट पाणी आणि ओला राखगाळ त्याला सारखेच काळे दिसतात. किती क्षेत्र बुडालं ते कळतं, कशाने ते कळत नाही.

आता कापलेला गुण. सेंटिनेल-२ चा एक ठिपका १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. किनारा नियमन अधिसूचनेनुसार १,००० चौरस मीटरपेक्षा जास्त कांदळवनाभोवती ५० मीटरचा संरक्षक पट्टा लागतो. म्हणजे सगळा खेळ दहा ठिपक्यांचा आणि पट्ट्याची रुंदी पाच ठिपक्यांची. कडेच्या ठिपक्यात अर्धी तिवर आणि अर्धा चिखल, त्यात चित्र एखाद्या ठिपक्याने सरकलेलंही असू शकतं. या हिशेबावर हद्द ठरत नाही. त्यासाठी मोजणी किंवा ड्रोनच हवा. उलट सव्वादोन हेक्टरांहून मोठी पाणथळ, म्हणजे २२५ ठिपके, इथे छान मोजता येते.

आणि जपून, तारीख दुधारी असते. राष्ट्रीय हरित लवाद कायद्याच्या, पर्यावरणाच्या वादांसाठीच्या कलम १४ खाली वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं, वर फार तर ६० दिवसांची सवलत. नुकसानभरपाई आणि पुनर्स्थापनेच्या कलम १५ला पाच वर्षं आहेत. तीन वर्षांपूर्वीच्या भरावाचं चित्र दिमाखात जोडून कलम १४ लावलंत, तर तुमच्याच पुराव्याने अर्ज मुदतबाह्य ठरेल. आधी तारीख शोधा, कलम मागाहून ठरवा.

उतरवून घेताना नुसता स्क्रीनशॉट नको. तारखेची ओळ छापलेलं चित्र घ्या, शिवाय मूळ पट्टे (बँड, म्हणजे प्रत्येक रंगाची वेगळी नोंद) टिफ फाइलमध्ये घ्या आणि फाइलचं पूर्ण नाव वहीत लिहा. जुलै २०२४पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खालच्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात फाइलचा हॅश, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून निघणारा ओळखक्रमांक, लागतो. तो उतरवल्याबरोबर काढा. एकदा क्रॉप करून पुन्हा जतन केली की तो जुळत नाही.